उंबऱ्यापासून मोजलेला रस्ता : नागपुरातल्या एका बाजाररस्त्याचा प्रकरण अभ्यास

पश्चिम नागपुरात असे रस्ते दर दोन चौकांआड सापडतील. दोन्ही बाजूंना दुकाने, वर एक-दोन मजले घरे, कोपऱ्यावर पानठेला, सकाळी तर्री-पोह्याची गाडी, आणि फुटपाथवर सिमेंटच्या कड्यात अडकलेली झाडे. इथे घेतलेला रस्ता अशाच रस्त्यांच्या मोजमापांवरून बांधलेला नमुना आहे, म्हणून त्याला नाव नाही. लांबी ३२० मीटर, हद्दीपासून हद्दीपर्यंत रुंदी १८ मीटर. मध्ये ११ मीटर डांबरी रस्ता, दोन्हीकडे पावणेतीन मीटर फुटपाथ आणि त्यामागे दुकानांच्या बाजूला पाऊण मीटरची झाकलेली पावसाळी नाली. नालीची आतली रुंदी ४५० मिमी. नालीपलीकडे दीड मीटर मोकळी जागा, ती दुकानदारांच्या मालकीची.

प्रस्ताव आला तो साधा होता : डांबरावर २०० मिमी सिमेंटचा थर, फुटपाथ तेवढाच वर, नवे गट्टू (सिमेंटचे पेव्हर ब्लॉक), जमेल तिथे शोभेची झाडे. सहा महिन्यांत काम संपते, फोटो छान येतात. बिघडते ते पुढच्या जूनमध्ये.

दोनशे मिमीचा हिशोब

दुकानाचा उंबरा शून्य धरू आणि बाकी सगळे त्याच्या खाली किंवा वर मोजू. मूळ स्थिती अशी : रस्त्याची कड उंबऱ्याच्या ३०० मिमी खाली. डांबराचा उतार अडीच टक्के, म्हणून साडेपाच मीटरवर मध्यभाग कडेपेक्षा १३७ मिमी उंच, म्हणजे उंबऱ्याच्या १६३ खाली. फुटपाथ कडेपेक्षा १५० वर, म्हणजे उंबऱ्याच्या १५० खाली. एक पायरी चढून दुकानात जायचे. गैरसोय आहे, पण पाणी बाहेर राहते.

आता वर २०० मिमी टाका. कड आली उणे १००. मध्यभाग गेला अधिक ३७. फुटपाथला पुन्हा १५० ची कड दिली, की तो उंबऱ्याच्या ५० मिमी वर. पाण्याला आता दुकानाकडेच जायचे आहे, ते कुणाला विचारत नाही. मग दुकानदार उंबऱ्यावर विटांचा बांध घालतो, शेजारी त्याहून चार इंच उंच घालतो, आणि दोन वर्षांत फुटपाथवर प्रत्येक दुकानासमोर वेगळ्या उंचीचा रॅम्प उभा राहतो. व्हीलचेअर सोडा, सामानाची हातगाडीसुद्धा सरळ ढकलता येत नाही.

२२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री काही तासांत शंभर मिमीहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हापासून रस्ता उंच करण्याच्या बाजूने हेच उदाहरण दिले जाते. पण ते पाणी नदीचे होते. रस्ता उंच केल्याने नदीचा पूर थांबत नाही. रोजच्या पावसाचे पाणी मात्र घरात वळते.

म्हणून या प्रकरणात पहिला नियम ठरला तो असा : रस्त्याची लेव्हल मध्यरेषेवरून नाही, सगळ्यांत खालच्या उंबऱ्यावरून काढायची. काम सुरू होण्यापूर्वी दर १० मीटरवर रस्त्याचा छेद आणि त्याशिवाय प्रत्येक दुकानाचा उंबरा, नालीचे झाकण, नालीचा तळ आणि झाडाच्या बुंध्याशी मातीची लेव्हल, अशी नोंद घ्यायची. दोघे जण आणि एक ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण), तीन दिवसांचे काम. हे तीन दिवस वाचवण्याच्या नादात बाकी सगळे बिघडते.

नव्या आराखड्यात कड उणे ३०० लाच राहिली. सिमेंट रस्ता वर चढवण्याऐवजी खोदून बसवायचा : २०० मिमी काँक्रीट, खाली १०० मिमी ड्राय लीन काँक्रीट (कमी सिमेंट-पाण्याचा कोरडा पायाथर), त्याखाली १५० मिमी खडी-मुरुमाचा निचरा थर, एकूण ४५० मिमी खोदाई. काँक्रीटला दोन टक्के उतार पुरतो, म्हणून मध्यभाग उणे १९०, म्हणजे जुन्या डांबरापेक्षा २७ मिमी खालीच. फुटपाथ कडेला उणे १५०, तिथून मागे चढत नालीच्या झाकणासह साडेतीन मीटरवर उणे ८०. उरलेले ८० मिमी दुकानदाराच्या स्वतःच्या दीड मीटरमध्ये चढायचे. एकास बारा उताराला ९६० मिमी लागतात, जागा उरते. पायरी गेली आणि पाण्याचा उतार रस्त्याकडेच राहिला.

खोदाईचा खर्च जास्त, हे खरे. खालची पाण्याची लाईन, केबल, जुन्या नळजोडण्या सापडतात तेव्हा वेळही जातो. पण वर थर टाकण्यात हा खर्च वाचत नाही. तो दुकानदाराच्या खिशातून जातो, एवढाच फरक.

अकरा मीटरचे काय करायचे

अकरा मीटरपैकी चालता रस्ता तसाही सात मीटरच असतो. उरलेल्या दोन-दोन मीटरमध्ये दोन्हीकडे गाड्या उभ्या. मग ते दोन मीटर उघडपणे वाटून टाकलेले बरे : दर १८ मीटरमध्ये ६ मीटर झाडांचा कप्पा, १२ मीटर पार्किंग. बारा मीटरमध्ये दोन चारचाकी किंवा चौदा दुचाकी राहतात. दुकानदारांची तक्रार असते की पार्किंगचा तिसरा हिस्सा गेला. हिशोबाने ती खरी आहे आणि ती नाकारू नये. त्यांना दाखवायचे ते एवढेच, की यातल्या बहुतेक दुकानांचे गिऱ्हाईक दुचाकीवर येते, आणि आज एक आडवी लावलेली मोटार पाच-सहा दुचाकींची जागा खाते.

फुटपाथ नालीच्या झाकणासह साडेतीन मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ च्या २०१२ च्या आवृत्तीत, चालायला मोकळी किमान रुंदी १.८ मीटर, व्यापारी भागात अडीच मीटर आणि दुकानांच्या रांगेसमोर साडेतीन ते साडेचार मीटर सांगितली आहे. डोक्यावर २.२ मीटर मोकळे हवे, आणि कडेची उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. नालीचे झाकण फुटपाथच्या रुंदीत धरायचे तर ते गट्टूंशी सपाट बसलेच पाहिजे. २० मिमी वर आलेले झाकण म्हणजे ती पाऊण मीटर रुंदी गेली, कारण माणूस तिथून पाय काढून घेतो.

वाहन आत जाण्याच्या फाटकांजवळ फुटपाथ खाली उतरवायचा नाही. फुटपाथ सरळ राहतो, गाडी चढते. दोन मीटरच्या पट्टीत १५० मिमीचा रॅम्प दीड मीटरमध्ये बसतो. उलट केले तर ३२० मीटरमध्ये पादचाऱ्याला प्रत्येक फाटकाशी चढउतार आणि पावसाळ्यात प्रत्येक खळग्यात डबके.

गट्टूंचा थर मात्र नागपूरच्या मातीला धरूनच करावा लागतो. इथे काळी माती आहे. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्यावर थेट चुरी टाकून गट्टू लावले की एका पावसात लाटा येतात. इथे ४५० मिमी काळी माती काढायची, २१० मिमी मुरूम दोन थरांत पाणी मारून दाबायचा, १५० मिमी खडीचा थर, ३० मिमी चुरी आणि ६० मिमी जाडीचे एम-३५ (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) गट्टू. फाटकांसमोर ८० मिमीचे एम-४०. कडेची पट्टी काँक्रीटमध्ये पक्की बसवल्याशिवाय गट्टू लावायला सुरुवात करू नये. कड सुटली की सांधे उघडतात, आणि मग आयएस १५६५८ या गट्टूंच्या भारतीय मानकाचा दाखला दाखवून उपयोग नाही.

कडुनिंब आणि त्याचे कडे

रस्त्यावर चौदा झाडे आहेत : सहा कडुनिंब, पाच सोनमोहर, तीन सप्तपर्णी. सगळी जुन्या कडेपासून अर्धा मीटर आत, फुटपाथवर. एका कडुनिंबाशी जरा थांबू. बुंध्याचा घेर १.६ मीटर, म्हणजे व्यास साधारण ५१ सेंमी. भोवती सिमेंटचा चौकोन, आत उरलेली मोकळी माती बुंध्यापासून वीतभर. एका बाजूने साल कड्यावर दाबून ओठासारखी बाहेर आली आहे. दुसऱ्या बाजूला पोह्याच्या गाडीची बादली रोज रिकामी होते : तर्रीचे तेल, मीठ, साबण. मातीवर काळपट मेणचट थर धरला आहे. पाणी ओतून पाहिले तर ते मुरत नाही, कड्यावरून वाहते. झाडाचा शेंडा वाळायला लागला की दोष पावसाला दिला जातो.

कडे फोडायचे ते ब्रेकरने नाही. छिन्नी-हातोड्याने, बाहेरून आत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटरमधले काँक्रीट काढायला सांगितले, तेव्हापासून एक मीटर हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो. पण तो किमान आहे. इथे दोन मीटरचा कप्पा झाडासमोर पुढे आल्याने बुंध्यापासून रस्त्याच्या बाजूला अडीच मीटर मिळतात, म्हणजे व्यासाच्या जवळजवळ पाचपट. हा योगायोग नाही. कप्प्याच्या जागा आधी जुन्या झाडांवरून ठरवल्या आणि मग उरलेली लांबी १८ मीटरच्या हिशोबाने वाटली. रस्त्याची खोदाई या अडीच मीटरच्या बाहेर. व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत मुळे तोडली तर झाड उभे राहण्याचीच खात्री नाही, आणि ते पडते ते दोन वर्षांनी, पहिल्या वळवाच्या वादळात. तोवर ठेकेदाराचे बिल निघालेले असते.

खोदाईच्या शेवटच्या मीटरला जेसीबी लावायचा नाही. पाच सेंमीपेक्षा जाड मूळ दिसले की थांबायचे, ते वाचवता येत नसेल तर करवतीने सरळ कापायचे. बकेटने ओढलेले मूळ मातीच्या आत दोन-तीन फूट फाटते आणि तिथून कुजते. काम नोव्हेंबर ते जानेवारीत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ च्या आसपास असताना मुळे कापणे म्हणजे तापलेल्या माणसाचे रक्त काढणे. मोकळ्या केलेल्या जागेत मातीची लेव्हल वाढवायची नाही. शोभेसाठी बुंध्याभोवती दीड वीत माती चढवणे ही फार आवडती चूक आहे. अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या ३०० ते ६०० मिमीमध्ये असतात, ती गुदमरतात.

फुटपाथच्या बाजूला बुंध्याच्या मध्यापासून अर्धा मीटर उघडी माती ठेवली, म्हणजे चालायला अडीच मीटर उरतात. त्यापुढच्या मुळांवर गट्टूंचा पूर्ण थर न घेता वरवरची माती हाताने सैल करून खडी आणि सच्छिद्र झाकण. इथे फुटपाथ थोडा हलणार, ते मान्य करून ठेवायचे.

पोह्याच्या गाडीला हाकलून हा प्रश्न सुटत नाही, ती रात्रीतून परत येते. पथविक्रेता कायदा २०१४ मध्ये आला आहे आणि जागा ठरवून देणे त्यात अपेक्षितच आहे. पार्किंगच्या पट्ट्यांपैकी दोनांत विक्रेत्यांची जागा आखली आणि तिथे ६०० बाय ६०० मिमीचा चेंबर दिला : आधी जाळी, मग तेल वर तरंगून अडेल असा आडवा पडदा, मग गडरलाईन, म्हणजे सांडपाण्याची नळी. पावसाळी नालीला तो जोडायचा नाही. चेंबरचे झाकण एका हाताने उचलता आले पाहिजे. नाहीतर बादली पुन्हा झाडाकडेच जाते.

एक घनमीटरचा खड्डा पुरतो का

निविदेत ओळ ठरलेली असते : एक बाय एक बाय एक मीटरचा खड्डा, चांगली माती, शेणखत. रस्त्यावरच्या झाडाला पर्णसंभाराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे ०.३ ते ०.६ घनमीटर वापरण्याजोगी माती लागते असा सर्वसाधारण अंदाज धरतात. कमीतला कमी आकडा घेतला तरी एक घनमीटरमध्ये तीन-साडेतीन चौरस मीटरची सावली, म्हणजे दोन मीटर व्यासाची छत्री. तेवढी छत्री दुकानदारही देऊ शकतो. सहा मीटरच्या कप्प्यात कडा वजा जाता १.७ मीटर रुंद आणि एक मीटर खोल सलग चर केला तर १०.२ घनमीटर माती मिळते. तिच्यावर साडेसहा मीटर व्यासाचे झाड उभे राहू शकते. म्हणून नव्या कप्प्यात एकच झाड, दोन नाहीत.

चराच्या बाजू काळ्या मातीत बकेटने कापल्या की चकाकतात, मडक्यासारख्या. सब्बलने त्या खरवडून काढाव्या लागतात, नाहीतर मूळ भिंतीला लागून गोल फिरते. भरायला निघालेली काळी माती एकटी वापरायची नाही. वाळवून फोडलेली काळी माती दोन भाग, जाडी रेती किंवा मऊ मुरूम दोन भाग, कुजलेले शेणखत एक भाग. राडारोडा आत जाऊ द्यायचा नाही. सिमेंटच्या खपल्यांनी मातीचा चुना वाढतो आणि पाने पिवळी पडतात.

आता इथला खरा पेच. काळ्या मातीतला चर म्हणजे हौद. जुलैमध्ये भरला की निचरा होत नाही. खाली ११० मिमीचा छिद्रांचा पाइप, भोवती कापड आणि गिट्टी, तो नालीत सोडायचा, हे चित्रात सोपे दिसते. पण या रस्त्याच्या अर्ध्या लांबीत नालीचा तळ फुटपाथपासून ७५० मिमीवरच आहे. म्हणजे पाइप ६०० मिमीवर ठेवावा लागतो आणि त्याखालची माती दोन महिने पाण्यात. अशा ठिकाणी कडुनिंब लावला तर तो दुसऱ्या पावसाळ्यात जातो. कडुनिंबाला कोरड सोसते, पाय ओले राहिलेले सोसत नाहीत. बहाव्याचेही तेच. या उथळ भागात करंज लावला : ओल आणि कोरड दोन्ही सोसतो, एप्रिलमध्ये नवी पालवी येते, म्हणजे मे महिन्यात सावली हजर. फुलांचा सडा पडतो, झाडू वाढतो, तेवढे चालवून घ्यायचे. उरलेल्या अर्ध्या लांबीत नाली ११५० मिमी खोल आहे, तिथे कडुनिंब आणि ताम्हण.

रस्त्याचे पाणी झाडांच्या चरात सोडण्याची पद्धत सध्या फार दाखवली जाते. निचऱ्याच्या जमिनीत ती उत्तम. इथे नाही. नागपुरात झाडाला पाणी हवे असते मे महिन्यात, रस्त्याकडे देण्याजोगे पाणी असते जुलै-ऑगस्टमध्ये. चरात तीन दिवसांपेक्षा जास्त पाणी साचले की डासांची पैदास आणि पाठोपाठ डेंग्यूच्या तक्रारी.

झाड दुकानाच्या दर्शनी भागासमोर नको, दोन दुकानांच्या सामायिक भिंतीसमोर हवे. एवढी एक गोष्ट पाळली तर निम्मी झाडे वाचतात. पाटी झाकणारे झाड नागपुरात फार दिवस जगत नाही. कधी साल सोलली जाते, कधी रात्री बुंध्याशी ॲसिड पडते. रोप किमान अडीच मीटर उंचीचे घ्यायचे, खालच्या फांद्या दरवर्षी थोड्या वर चढवत न्यायच्या, म्हणजे पाटी पर्णसंभाराच्या खाली दिसते. छाटणीला महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचे झाड वारसा वृक्ष ठरते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. चाळीस वर्षांच्या कडुनिंबामागे चाळीस. हा आकडा बैठकीत सांगितला की आराखडा बदलण्याची तयारी लगेच दिसते.

दुकानदारांच्या दीड मीटरमध्ये हिरवळ आणि रॉयल पाम यांचीच मागणी असते. हिरवळीला उन्हाळ्यात प्रति चौरस मीटर रोज सहा ते आठ लिटर पाणी, आणि पामची सावली खांबाएवढी. तिथे तगर, कोरांटी, अडुळसा, जास्वंद पुरतात. फाटकाजवळ आणि चौकाजवळ उंची ६०० मिमीच्या आत, नाहीतर बाहेर पडणाऱ्या गाडीला चालणारा माणूस दिसत नाही. कण्हेर नको, विषारी आहे आणि इथे लहान मुले फिरतात.

नाली मोठी करा, ही मागणी

पाणी तुंबले की पहिली मागणी हीच. आकडे वेगळे सांगतात. रस्त्याचे क्षेत्र ०.५७६ हेक्टर, तासाला ६० मिमी पाऊस, ९० टक्के वाहून जाते असे धरले तर सेकंदाला ८६ लिटर, म्हणजे एका बाजूला ४३. साडेचारशे बाय साडेचारशेची स्वच्छ नाली एकास तीनशे उतारावर भरून वाहिली तर २०० लिटरहून जास्त नेते. नाली पुरेशी आहे. पाणी तिच्यात पोचतच नाही. जुन्या कडेला दर २० मीटरवर ११० मिमीचा पाइप, प्रत्येकातून स्वच्छ असताना जेमतेम दोन-अडीच लिटर. सोळा पाइप, चाळीस लिटर, आणि फुटपाथखालून पावणेतीन मीटर लांब असल्याने अर्धे कायम चोंदलेले.

नव्या रचनेत प्रत्येक पार्किंग पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात ६०० मिमी रुंदीचे तोंड, समोर २५ मिमीचा खळगा, मागे गाळाचा चेंबर आणि २०० मिमीचा पाइप. कप्पे पुढे आल्यामुळे पट्टी दोन्ही बाजूंनी बंद होते. तोंड वरच्या कोपऱ्यात बसवले तर तिथे तळेच होते, आणि कामावर ही चूक हमखास होते. प्रत्येक तोंड सहा लिटर धरले, सोळा-सतरा तोंडे, अर्धी चोंदली तरी ४३ च्या वरच. सिमेंट ओतण्यापूर्वी कडेला टँकर सोडून पाणी कुठे जाते ते पाहायचे.

बिलाची वाटणी झाडांच्या बाबतीत वेगळी ठेवली : लावणीला ४० टक्के, उरलेले तीन वर्षांत, जगलेल्या झाडांवर. लावणी जूनअखेर ते जुलै. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा प्रत्येकी ४० लिटर, आळ्यात सावकाश, टँकरच्या जोरदार धारेने नाही.

एक दुकान या सगळ्यात बसले नाही. त्याचा उंबरा शेजाऱ्यांपेक्षा १७० मिमी खाली, म्हणजे नव्या फुटपाथच्या मागच्या कडेपेक्षाही ९० मिमी खाली. त्याच्यावरून लेव्हल काढली तर सगळा रस्ता आणि नाली खाली न्यावी लागते. तेव्हा 'सगळ्यांत खालचा उंबरा' या नियमाला अपवाद केला आणि तो नकाशावर लिहून ठेवला. दुकानाच्या स्वतःच्या जागेत दरवाजासमोर १५० मिमी रुंद जाळीची पन्हळ, ती नालीला जोडताना उलटे पाणी येऊ नये म्हणून झडप. झडपेत एक प्लास्टिकची पिशवी अडकली तरी ती उघडी राहते. ती मे महिन्यात आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर काढून धुवायची, आणि ते काम दुकानदाराचे आहे, असे त्याची सही घेऊन नोंदवले.